आत्याचं पाळणाघर

टिटवीने टेबलावर मासे मांडायला घेतले आणि दुसऱ्याच ओळीत आत्याने ओळखलं, की ही पोरगी काहीतरी लपवते आहे. काही लपवायचं असलं की टिटवीचे हात झपझप चालायचे आणि तोंड बंद व्हायचं. एरवी तिचं तोंड बंद करणं घरात कोणालाच जमलं नव्हतं. पाळण्यात होती तेव्हा एवढी किंचाळायची, की तिच्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, तिचं खरं नाव कधी उच्चारलंच नाही, टिटवी म्हटलं आणि सगळ्या घराने तेच उचललं. आता ती तळ्यांची पाहणी करणाऱ्या खात्यात होती, अंगात खात्याचं जाकीट होतं, हाताखाली माणसं होती. पण हात तेच, डब्यातली साखर चोरून खाणाऱ्या पोरीचे.

टेबलाखाली ओल्या पोत्याने झाकलेली एक टोपली होती. ती टिटवीने पायाने हळूच आत सरकवली, तेही आत्याने पाहिलं. सांगायचं असेल तेव्हा सांगेल, असं मनाशी म्हणून तिने सुरी धुवायला घेतली.

मासे साफ करायची ही शेड तळ्याच्या अगदी काठाशी होती. मधोमध पत्रा ठोकलेलं लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना नळ, भिंतीवर सुऱ्या आणि कोपऱ्यात आत्याची बादली. आप्पा गेल्यावर घरातलं सगळं वाटलं गेलं; बोटी बांधायचा धक्कासुद्धा मधोमध दोरी ताणून वाटला गेला. टेबल तेवढं कोणाला वाटता आलं नाही, म्हणून कुटुंबाच्या बैठका अजून त्याच्याभोवतीच व्हायच्या. आज आत्याच्या दोघा भावांतला थोरला दाराशी उभा होता आणि धाकटा नळाशी. धक्क्याच्या त्या भानगडीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकाला दुसऱ्याला काही सांगायचं असलं की तो ते टेबलाला सांगायचा आणि दुसरा टेबलालाच उत्तर द्यायचा. धाकट्याची बायको शाळेत शिकवायची, तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती दोघांच्या मधे उलट्या क्रेटवर बसली होती, हा वर्ग कधी सुटतो याची वाट बघत.

"झालं," टिटवी म्हणाली. "या, बघा आता."

आठवडाभर तिने तळ्यात सगळीकडे जाळी लावली होती, बारीक डोळ्यांची म्हणजे बारीक भोकांची, मध्यम डोळ्यांची, मोठ्या डोळ्यांची. बारीक डोळ्यांतलं डाव्या टोकाला, मोठ्या डोळ्यांतलं उजव्या टोकाला, अशी मांडणी. डावीकडे बोटाएवढे चिखले होते, ढीगच्या ढीग. त्यांच्यापुढे तळहाताएवढे चिखले, तेही ढिगानेच. चिखल्या म्हणजे तळाचा गाळ उकरत फिरणारा मिशाळ, राखाडी मासा. मारला तरी लवकर मरत नाही आणि खाल्ला तरी जिभेला कळत नाही. त्याच्यापुढे मासे विरळ झाले होते, आणि मग टेबलाचा निम्मा पत्रा उघडा होता. अगदी उजव्या टोकाला एकच मासा होता. अंगावर पट्टे, पाठीवर काटेरी पंख, पुढे आलेला जबडा. या घराने पिढ्यान् पिढ्या ज्याच्या जिवावर काढल्या, तो वाघ.

"एकच?" थोरला म्हणाला.

"आणखी थोडे लागले होते, बाबा. जिवंत होते, सोडून दिले. सगळे असेच, म्हातारे. ही वाघीण जाळ्यातच मेली." टिटवीने मधल्या उघड्या पत्र्यावर हात ठेवला. "पण बघायचंय ते इथे. इथे तरणे वाघ हवेत. आणि त्या टोकाला बोटाएवढी पिल्लं. एक नाही. गेल्या वर्षी नव्हतं, त्याच्या आधी नव्हतं. जुने तेवढे उरलेत. ते गेले की आपल्या तळ्यातला वाघ संपला."

शेडमध्ये नळ ठिबकत होता. आत्याने त्या उघड्या पत्र्याकडे पाहिलं. नेमकी तिथेच उभी राहून तिने आयुष्यभर वाघ साफ केले होते. पत्रा तिथे झिजून चकचकीत झाला होता. मग तिला आठवलं आणि जरा धीर आला.

"पण पिल्लं आहेत की गं," ती म्हणाली. "माझ्याकडे रोज येतात."

थोरला दाराबाहेर बघू लागला, मास्तरीणबाईने पदराची घडी नीट केली, आणि टिटवी घाईघाईने म्हणाली, "हो, आत्या. त्याचं आपण नंतर बोलू."

आत्याची पिल्लं हा घरातला जुना विषय होता. ती लहान असताना आप्पा तिला शेडच्या मागच्या बाजूला घेऊन गेले होते. तिथे लव्हाळ्याच्या आड पाण्याचा एक शांत कोपरा होता, तोंडाशी अरुंद, आत पसरट. पाणी इतकं नितळ की तळाचं गवत हलताना दिसायचं, आणि त्या गवतातून सुईएवढी वाघाची पिल्लं इकडून तिकडे पळायची. सगळ्या तळ्यातल्या वाघिणी अंडी घालायला इथेच येतात, असं आप्पांनी सांगितलं. त्या संध्याकाळी पोरीने स्वतःच्या ताटातलं वाचवून पिल्लांना नेऊन टाकलं. आप्पा खूप हसले आणि म्हणाले, हे तुझं पाळणाघर, तू सांभाळ.

तिने सांभाळलं. आप्पांचा दंडक होता, मासे साफ करून जे उरतं ते तळ्यात परत जायचं. तळ्याचं तळ्याला. घेतलेल्यातलं थोडं परत दिलं नाही तर तळं रुसतं, असं ते म्हणत. बाकीचे ती बादली धक्क्यावरून उपडी करून मोकळे व्हायचे. आत्याने मात्र ती रोज संध्याकाळी उचलून त्या कोपऱ्यात नेली, पावसात नेली, तापात नेली. थोरल्याची बायको टिटवीला दूधपिती ठेवून वारली तेव्हा कडेवर ती पोर आणि दुसऱ्या हातात बादली, असं नेलं. आत्याचं लग्न ठरत आलं होतं. ते तिने पोरीसाठी मोडलं आणि त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. पुढे पाणी हिरवं झालं, तळ दिसेनासा झाला, तरी बादलीच्या कडीचा आवाज आला की शेकडो तोंडं वर यायची. पिल्लं वाढताहेत, असं तिला वाटायचं. घरचे हसून म्हणायचे, निघाली आत्या पाळणाघरात.

"मग आता करायचं काय, ते बोला," मास्तरीणबाई म्हणाली.

"करायचं काय?" धाकटा पुढे झाला. धक्क्याच्या त्याच्या अर्ध्या भागावर तो गळ टाकायला येणाऱ्या लोकांना होड्या द्यायचा. "तळ्याला चिखल्या मानवतोय ना? मग चिखल्याच वाढवू. खाद्य टाकू, चांगला गलेलठ्ठ करू. गळवाल्यांना मोठा मासा लागतो. त्याच्या अंगावर पट्टे आहेत की ठिपके, कोण विचारतंय?"

"आप्पांच्या तळ्यात चिखले पोसणार म्हणे," थोरला टेबलाला म्हणाला.

"आप्पा गेले, हे टेबलाला कोणीतरी सांगा," धाकटा म्हणाला.

"काका, खाद्य टाकून तर हे झालंय," टिटवी म्हणाली. "तळं उथळ. माणूस उभा राहिला तर डोकं वर राहील, एवढंच खोल. त्यात शेतांतलं खत उतरतं, वस्तीचं सांडपाणी येतं, आपल्या शेडचं जातं. पाण्याला खायला फार झालंय. म्हणून ते हिरवं आहे. हिरवं झालं की तळाला ऊन पोचत नाही, गवत मरतं. गवत नाही म्हणजे पिल्लांना लपायला जागा नाही. वाघ डोळ्यांनी शिकार करतो, त्याला या पाण्यात स्वतःचं शेपूट दिसत नाही. चिखल्याला डोळे लागतच नाहीत. तो गाळ उकरतो, पाणी आणखी गढूळ होतं, आणि त्याचंच राज्य वाढतं."

"मग?"

"चिखले काढायचे. जवळजवळ सगळे, आणि एका दमात, त्यांनी अंडी घालायच्या आधी. अर्धे काढले तर काहीच उपयोग नाही, उरलेल्यांना दुप्पट खायला मिळतं आणि ते पुन्हा तेवढे होतात. तळ्यात बाहेरून जाणारं सगळं बंद करायचं. आणि काही वर्षं मासेमारी नाही. खातं माणसं देईल, जाळी देईल. तुम्ही तिघांनी हो म्हणायला हवं."

थोरला कडवट हसला. "खात्याची जाळी! अगं, चिखल्या जाळ्यात येतो होय? जाळ्याची चाहूल लागली की गाळात तोंड खुपसून पडतो, जाळं वरून निघून जातं. हे जे तू मांडलेत ना, ही त्यांतली बावळट पोरं. मोठे खाली बसलेत. माझा जन्म गेला त्यांच्यामागे."

"काही वर्षं मासेमारी नाही म्हणे," धाकटा म्हणाला. "आणि माझ्या होड्या? त्या काय गच्चीवर चालवू?"

मग दोघांनीही आत्याकडे पाहिलं. आप्पांनी तळ्याचा हक्क तिघांत ठेवला होता तो याच हिशेबाने. दोन भाऊ भांडणार हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा मोठ्या बहिणीचा शब्द शेवटचा. आत्याला त्या शब्दाचा फार कंटाळा होता. कोणाच्याही बाजूने टाकला तरी रात्रीच्या जेवणाला एक भाऊ कमी यायचा.

तिने हात पुसले. "टिटवी म्हणते तसं करा," ती म्हणाली. "वाघ जगायला हवा. होड्यांचं बघू काहीतरी."

धाकट्याचा चेहरा पडला. तो मनाने वाईट माणूस नव्हता, पण हरला की त्याचा जिभेवर ताबा राहायचा नाही. "हो, तू तिचंच म्हणणार," तो म्हणाला. "तळ्यात जाणारं सगळं बंद! मी खाद्य टाकायचं नाही, ह्यांनी शेडचं सोडायचं नाही. आणि ताईची बादली? त्याबद्दल का गं बोलली नाहीस, टिटवे?"

"काका, पुरे."

"का पुरे? सगळ्या तळ्यातल्या टोपल्या मांडल्यास. ताईच्या कोपऱ्यातली कुठाय?"

"तुम्ही गप्प बसता का जरा!" मास्तरीणबाई क्रेटवरून उठली. पण धाकट्याने तोवर वाकून टोपली ओढली होती आणि तिच्यावरचं पोतं काढलं होतं.

आत चिखले होते. टेबलावरच्यांसारखे किडमिडे नव्हेत, चांगले हातभर, पोटं सुटलेले. त्यांच्या मधे काचेची एक बरणी होती आणि बरणीत काळं काहीतरी.

धाकट्याने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा राग तिथेच विरला. "म्हणजे मला एवढंच म्हणायचं होतं," तो पुटपुटला आणि पोतं पुन्हा झाकायला गेला.

"राहू दे," आत्या म्हणाली. तिने टोपलीतला एक मासा उचलून हातात फिरवला. मिशा, जाड ओठ, राखाडी पाठ. "हे माझ्याकडले?"

टिटवीने होकारार्थी मान हलवली.

"वरून नुसती तोंडं दिसतात," आत्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "हिरव्या पाण्यात अंग दिसतच नाही. मला वाटायचं..." तिने मासा खाली ठेवला. "आणि बरणीत काय आहे?"

"आत्या, तुझ्या एकटीच्या बादलीने तळं बिघडत नाही. खरंच सांगते. शेतांचं आणि वस्तीचं इतकं येतं, की त्याच्यापुढे तुझी बादली म्हणजे काहीच नाही."

"तळ्याचं नाही विचारत. कोपऱ्याचं विचारते."

टिटवीचे डोळे भरून आले होते. "तिथला गाळ आहे तो. तिथलं पाणी हलत नाही," ती म्हणाली. "पडलं ते तिथेच बसतं आणि कुजतं. तळाशी हवाच उरत नाही. त्या गाळावर अंडं पडलं तर गुदमरतं." तिने टेबलाच्या उजव्या टोकाकडे पाहिलं. "ही वाघीण मला त्या कोपऱ्याच्या तोंडाशीच मिळाली. आत शिरायच्या वाटेवर."

आत्या टेबलाच्या उजव्या टोकाशी गेली. टिटवीने वाघिणीचं पोट तपासणीसाठी चिरलं होतं आणि पुन्हा जुळवून ठेवलं होतं. आत्याने ते बोटांनी उघडलं. अंड्यांची पिशवी तिने हजार वेळा हाताळली होती, टच्च भरलेली, पिवळीधमक. ही सुरकुतली होती आणि आत तांबूस लगदा होता.

"पोटातच जिरली?"

"हो. घालायला जागा मिळाली नाही की असं होतं."

आत्याने पोट पुन्हा जुळवलं, अगदी कडा मिळवून. मग ती थोरल्याकडे वळली. तो अजून दाराबाहेरच बघत होता.

"तुला ठाऊक होतं, रे?"

"ती पिल्लं वाघाची नाहीत, एवढं ठाऊक होतं," तो म्हणाला. "गाळाचं नव्हतं माहीत."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू, ताई?" तो दारातून वळला. "माझी पोर तू वाढवलीस. आपलं सगळं मोडून वाढवलीस. ती शिकायला गेली आणि घरात तुझं म्हणावं असं काय उरलं? ती बादली. ती पण काढून घेऊ तुझ्या हातातून?"

आत्याला वाटलं, आता रडू येईल, पण आला तो संताप. "सगळ्यांनी मिळून मला कुकुलं बाळ केलंत," ती म्हणाली. "मी रोज निघाले की तुम्ही माझ्यामागे हसत होतात. मला वाटायचं, कौतुकाने हसतात. एकाने सांगितलं असतंत, तर आज ही आत शिरली असती." तिने वाघिणीकडे बोट केलं. धाकटा नळ बंद करत बसला होता. नळ तर केव्हाचा बंद होता, तोटीच गळकी होती.

"चल," ती टिटवीला म्हणाली. "मला दाखव."

"आत्या, नको ना."

"मी सांगते म्हणून चल."

दोघी होडीतून गेल्या. होडी टिटवीने वल्हवली, आत्या पुढे पाठमोरी बसली. भर दुपार होती, वारा पडला होता, आणि पाण्यावर हिरवी साय धरली होती. लव्हाळ्याच्या फटीतून कोपऱ्यात शिरल्यावर टिटवीने गाळ उचलायचा, दोरीला बांधलेला लोखंडी जबडा पाण्यात सोडला. दोरी फार जायच्या आत तो टेकला. वर ओढून तिने तो पाटीत उघडला. काळाकुट्ट, मऊ गाळ, आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा, की टिटवीने तोंड फिरवलं. आत्याने फिरवलं नाही. तिने गाळात हात घातला आणि बोटांनी चिवडून पाहिला. माशांच्या पाठीचे कणे होते त्यात, बारीक, काळे पडलेले. सगळं तिने स्वतः आणून टाकलेलं.

"आप्पांनी मला सांभाळायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"तू सांभाळलंसच, आत्या."

"नको गं. तू तरी आता खोटं बोलू नकोस."

टिटवीने वल्हं आत घेतलं, पुढे सरकली आणि आत्याच्या पाठीला डोकं टेकून बसली, लहानपणी बसायची तशी. होडी हलली तशी खाली पाण्यात हालचाल झाली आणि एकदोन जाड ओठ वर येऊन पाणी चोखून गेले. आत्याने हात धुवायला खाली घातला, तर तिच्या बोटांना ती तोंडं येऊन लागली. तिने हात काढून घेतला. तिला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. त्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं? ती खायला द्यायची, ते यायचे.

"हे असे हाताला येतात," टिटवी हळूच म्हणाली, "आणि बाबांच्या जाळ्याला वर्षानुवर्षं सापडत नाहीत."

टिटवीला वाटलं, आत्याने ऐकलंच नाही. होडी शेडला लागल्यावर उतरता उतरता आत्या म्हणाली, "संध्याकाळी दोघांना बोलाव. जेवायला नको, धक्क्यावर."

त्या संध्याकाळी बादली भरलेली होती. धक्क्यावर चौघं उभे होते आणि चौघंही बादलीकडे बघत नाही असं दाखवत होते. आत्याने ती उचलली आणि शेडच्या मागे, पाण्यापासून लांब, कुदळीने खड्डा घ्यायला सुरुवात केली. थोरला धावला, तिने त्याला कुदळ दिली नाही. धाकटा आला, त्यालाही दिली नाही. खड्डा तिने एकटीने घेतला, बादली त्यात रिकामी केली, माती लोटली, आणि घाम पुसत धक्क्यावर आली.

"जाळं खात्याचं आणा नाहीतर आपलं," ती म्हणाली. "कोपऱ्याच्या तोंडाशी आधी नुसतं तळाला टाकून ठेवा, हलवू नका. दोन टोकांना दोन होड्या, एकीत हा, एकीत हा. गाळात शिरतात म्हणतोस ना? मी बोलावलं की ते वर येतात. सगळे येतात, तळ्याच्या त्या टोकापासून. एकदा आत आले की ओढा."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुला बघवणार नाही."

"बघायला कोण सांगतंय? कडी वाजवायची आहे फक्त."

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी मिळून जाळं लावलं. जाळं लावायचं म्हणजे बोलावं लागतं, टेबल काही होडीत मावत नव्हतं. "ढील दे" आणि "धरून ठेव" एवढंच बोलले, पण एकमेकांशी बोलले. मास्तरीणबाई काठावर टोपल्या रचत होती आणि दोघांचा आवाज ऐकून मधेच थांबत होती. एरवी आत्याला या गोष्टीचा केवढा आनंद झाला असता. आज ती शेडच्या पायरीवर रिकामी बादली मांडीशी घेऊन बसली होती. टिटवीने विचारलं, मी येऊ का तुझ्याबरोबर, तर ती म्हणाली, "नको. त्यांना माझ्या एकटीच्या पावलांची सवय आहे."

ऊन कलल्यावर ती रोजच्या वेळेला उठली. पायवाट तिच्या पायाखालची होती, दगड न् दगड ठाऊक असलेली. लव्हाळ्याशी फळी होती, तिच्यावर ती उभी राहिली. कोपऱ्याच्या तोंडाशी दोन होड्या, दोघं भाऊ दोऱ्या धरून, श्वाससुद्धा न घेता बसले होते.

तिने बादलीची कडी वाजवली. आधी काहीच झालं नाही. मग पाणी फुगल्यासारखं झालं, लव्हाळं आतून हललं, आणि होड्यांच्या खालून, जाळ्याच्या वरून, ते येऊ लागले. पाठीला पाठ घासत, एकमेकांवर चढत आले, पुढचे मागच्यांनी ढकलले गेले, आणि फळीच्या खाली सगळं पाणी नुसतं तोंडांचं झालं. उघडी, मिटणारी, पुन्हा उघडी. काही तोंडं ती ओळखत होती. एकाचा ओठ गळाने फाटलेला होता, त्याला ती गेल्या उन्हाळ्यापासून थोडं जास्त टाकत असे. तोही आला होता, अगदी पुढे.

"या," आत्या म्हणाली. रोज म्हणायची तसंच. "या रे पोरांनो, या."

थोरल्याने डोळे मिटून मान हलवली आणि धाकट्याला म्हणाला, "ओढ."

जाळं उठलं. तोंडाशी पाणी उसळलं, मागचे मासे बिथरून उलटे फिरले आणि जाळ्यावर आदळू लागले. पुढच्यांना काहीच कळलं नव्हतं. ते तिच्या पायांशी तोंडं वासून वाट बघत होते. आता ती थांबली असती तर तेही वळले असते, गाळात शिरले असते. आत्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला दुसरा हात मोकळा होता पण तिला ते सुचलं नाही. जाळं फळीपर्यंत येईतो ती कडी वाजवत राहिली.